कॉलेज बास्केटबॉलचा नवा कोच: चाहत्यांनी नेमकं काय मागावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमची मुलगी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मधल्या फळीतल्या विद्यापीठात शिकते. तिथल्या पुरुष बास्केटबॉल संघाच्या कोचला फेब्रुवारीत काढलं आणि शेवटचे सात सामने सहायक कोचने सांभाळले. आता विद्यापीठाने सीझन तिकीटवाल्यांना एक फॉर्म पाठवलाय: नव्या कोचमध्ये हवे असलेले तीन गुण निवडा. पर्याय आठ आहेत. जिंकण्याचा अनुभव, विद्यापीठाशी जुनं नातं, रिक्रूटिंग (म्हणजे संघासाठी खेळाडू मिळवणं), वेगवान खेळ, भक्कम बचाव, शिस्त, मुलांच्या अभ्यासाची काळजी आणि चाहत्यांशी संवाद. तुम्ही मूळचे क्रिकेटवाले, चार वर्षांपासून हा खेळ बघताय, आणि तुमच्या आसपासच्या पाच चाहत्यांची पाच मतं आहेत. शिवाय मुलांचा ज्याच्यावर जीव आहे त्या सहायकालाच कायम का करू नये, असंही तुम्ही विचारलंय.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी इंडियानात राहतो, हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि गेली तेवीस वर्षं कोचिंग करतो. त्यातली सहा वर्षं एका लहान डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या, कॉलेजात सहायक होतो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे मुलं खरोखर आवडीने खेळतात. कोच निवडणाऱ्या समितीवर तीनदा बसलोय. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे तुम्ही बघता त्या पातळीवर, मी काम केलेलं नाही. पण तिथले बरेच कोच हायस्कूलच्या जिममध्ये मुलं बघायला येतात, आणि त्यांचं वागणं मी जवळून पाहिलंय.

आता मूळ मुद्दा. तुमच्या फॉर्मवरचे आठही गुण चांगलेच आहेत. अडचण अशी, की चाहते निवडायला बसले की गेलेल्या कोचमध्ये जे नव्हतं तेच मागतात. संथ खेळवणारा गेला की वेगवान खेळ हवा. अबोल गेला की बोलका हवा. बाहेरचा गेला की घरचा हवा. इंडियाना विद्यापीठाचे चाहते माझ्या शेजारीच राहतात, म्हणून त्यांचं उदाहरण देतो. बॉब नाइट १९७१ ते २००० इथे होते आणि १९७६, १९८१ व १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी मिळवून दिली. १९७६चा संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकला. त्यानंतर पुरुषांमध्ये एकही अपराजित विजेता झालेला नाही. नाइट गेल्यापासून माइक डेव्हिस, केल्विन सॅम्पसन, टॉम क्रीन, आर्ची मिलर असे एकामागून एक आले, आणि दर वेळी चाहत्यांना आधीच्याच्या उलट माणूस हवा होता. मिलर गेल्यावर सगळीकडे एकच सूर होता: आता आपला माणूस पाहिजे. म्हणून २०२१ मध्ये नाइटच्याच हाताखाली खेळलेले माइक वुडसन आले. पहिल्या दोन हंगामांत संघ एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) मुख्य स्पर्धेत पोहोचला, पुढच्या दोन हंगामांत नाही. २०२५ मध्ये डॅरियन डव्रीस आले, आणि त्यांचा इंडियानाशी जुना संबंध काहीच नाही.

त्यामुळे मी फॉर्मकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. हा माणूस हाताशी आलेल्या मुलाला वर्षभरात आणखी चांगला खेळाडू बनवतो का? समितीत असताना मी दर वेळी हाच प्रश्न धरून बसायचो. बाकीचं बरंचसं यातूनच निघतं. कसं ते सांगतो.

सुरुवात 'आपला माणूस'पासून करतो, कारण तुमच्या मित्रांचा सगळ्यात मोठा वाद त्यावरच आहे असं दिसतं.

लुईव्हिल विद्यापीठाचं उदाहरण घ्या. केनी पेन १९८६ च्या विजेत्या संघात होते. पुढे केंटकीत दहा वर्षं सहायक म्हणून त्यांनी नाव कमावलं. २०२२ मध्ये ते कोच म्हणून घरी परतले तेव्हा माजी खेळाडू, देणगीदार, सगळे खूश होते. पहिल्या हंगामात ४ विजय आणि २८ पराभव, दुसऱ्यात ८ आणि २४. त्यांच्या जागी पॅट केल्सी आले. लुईव्हिलला कधी न खेळलेला हा माणूस जवळपास अख्खा संघ नव्याने घेऊन आला आणि पहिल्याच वर्षी २७-८ करून गेला. जॉर्जटाउनला पॅट्रिक यूइंग यांचंही तसंच झालं. १९८४ च्या विजेत्या संघाचे ते सर्वात मोठे खेळाडू. पण कोच म्हणून २०२१-२२ मध्ये त्यांच्या संघाने कॉन्फरन्समधले, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांविरुद्धचे, १९ च्या १९ सामने गमावले.

आता दुसरी बाजू. २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सासला गेले. चाहत्यांना स्कॉट ड्रू हवे होते, डॅन हर्ली हवे होते. दोघेही आपापल्या जागी राहिले आणि निवड झाली मार्क पोप यांची. ते १९९६ च्या विजेत्या संघाचे कर्णधार. सुरुवातीला लोक नाराज होते, पण स्वागताच्या दिवशी रप अरीना हे केंटकीचं जिम भरून गेलं आणि पहिल्याच हंगामात संघ शेवटच्या १६ मध्ये पोहोचला.

पेन, यूइंग आणि पोप, तिघंही 'घरचे'. मग फरक कुठे पडला? माझ्या मते तो इथे आहे: पोप यांनी केंटकीला येण्याआधी नऊ हंगाम स्वतःचा संघ चालवला होता, चार युटा व्हॅलीला आणि पाच बीवाययूला. पेन आणि यूइंग यांनी त्याआधी मुख्य कोच म्हणून एकही हंगाम काढलेला नव्हता. चुका कराव्यात, त्या निस्तराव्यात, रात्री अकरा वाजता एखाद्या मुलाच्या आईचा फोन घ्यावा, ही उमेदवारी पोप यांची कमी झगमगाटाच्या जागी झाली होती. जुन्या नात्याने पहिले सहा महिने सोपे जातात. जिम भरते, देणगीदार फोन उचलतात. पण फेब्रुवारीत सलग चार सामने हरल्यावर कोच १९९६ मध्ये कर्णधार होता की नव्हता, याचं खेळाडूंना काही पडलेलं नसतं. ती मुलं तेव्हा जन्मलेलीही नव्हती. म्हणून 'विद्यापीठाशी जुनं नातं' या पर्यायावर खूण करू नका. असलं तर चांगलंच आहे.

रिक्रूटिंगबद्दल लोक अजून दहा वर्षांपूर्वीच्या हिशोबाने बोलतात. तेव्हा कोच सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी जायचा, आईवडिलांसोबत जेवायचा, आणि तो मुलगा तीन-चार वर्षं टिकायचा. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. ज्याला दुसऱ्या विद्यापीठात जायचंय तो त्या यादीत नाव टाकतो. २०२१ पासून एकदा बदली केली तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२४ मध्ये तर कितीदा बदली करावी यावरची मर्यादाही गेली, फक्त अभ्यासात पास व्हायला हवं. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे वगैरे पैसे घेता येतात. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात. ज्यांनी हे मान्य केलं त्यांच्यासाठी २०२५-२६ ची मर्यादा सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती, आणि मोठ्या ठिकाणी त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल खातो.

म्हणजे आता कोचला दर एप्रिलमध्ये अर्धा संघ नव्याने बांधावा लागतो. अशा वेळी गोड बोलण्यापेक्षा पारख महत्त्वाची ठरते. लहान कॉलेजात सामन्यामागे बारा गुण करणारा मुलगा मोठ्या कॉन्फरन्समध्ये काय करेल, हे ओळखता यायला हवं. फ्लोरिडाने २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं त्या संघात वॉल्टर क्लेटन आयोनाहून आला होता, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि विल रिचर्ड बेलमाँटहून. मोठ्या नावांच्या यादीत न बसणारी ही ठिकाणं. टॉड गोल्डन यांनी ही मुलं निवडली आणि घडवली. त्यांचाही पहिला हंगाम १६-१७ असाच गेला होता, हे जाता जाता लक्षात ठेवा.

त्या अंतिम सामन्याचा शेवट तुम्ही पाहिला नसेल तर जरूर बघा. ह्यूस्टन ६३, फ्लोरिडा ६५. शेवटचे काही सेकंद. ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प थ्री-पॉइंटर मारायला उडाला आणि समोरून क्लेटन धावत आला. संघाचा सगळ्यात जास्त गुण करणारा खेळाडू शेवटच्या क्षणी बचावासाठी जीव तोडून धावला. हात वर, अंगाला धक्का नाही. शार्पला हवेतच लक्षात आलं की चेंडू मारता येणार नाही. त्याने तो खाली सोडला, पण स्वतः पुन्हा हात लावला तर ट्रॅव्हल, म्हणजे नियमभंग, म्हणून तो तसाच उभा राहिला. फ्लोरिडाच्या खेळाडूने चेंडूवर झडप घातली आणि वेळ संपली.

बचावपटूच्या या धावत येण्याला क्लोजआउट म्हणतात. याच क्लोजआउटवरून मला एक जुनी गोष्ट आठवते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या दृष्टीने त्या गोष्टीत आहे.

आमच्या लहान कॉलेजात नवा कोच निवडायचा होता. शेवटी दोन उमेदवार उरले. दोघांनाही आम्ही चाळीस मिनिटं आमच्या बारा मुलांचा सराव घ्यायला सांगितला. पहिला देखणा, आत्मविश्वासाचा, दोन ठिकाणी जिंकून आलेला. त्याने फळ्यावर एक सुंदर रचना काढली, मुलांकडून पाच-सहा वेळा करून घेतली आणि मुलं खूश झाली. दुसरा बुटका, आवाज जरा बसका. मुलं वॉर्म-अप करत होती तोवर तो प्रत्येकाजवळ जाऊन नाव विचारत होता. सराव सुरू झाला तेव्हा बाराही नावं त्याला तोंडपाठ. नंतर पंधरा मिनिटं त्याने फक्त क्लोजआउट घेतला. नेमबाजाकडे मोठ्या टांगा टाकत धावायचं, शेवटच्या तीन पावलांत पाय छोटे करायचे, कंबर खाली, एक हात वर, आणि तोल मागच्या टाचेवर जाऊ द्यायचा नाही. आमचा सगळ्यात शेवटचा खेळाडू, ज्याला सामन्यात दोन मिनिटंही मिळत नसत, दर वेळी नेमबाजाच्या अंगावर जाऊन आदळत होता. कोचने त्याला बाजूला घेतलं, त्याच्या बुटासमोर जमिनीवर टेपची छोटी पट्टी चिकटवली आणि म्हणाला, इथून पाय छोटे. चार प्रयत्नांत जमलं. पाचव्या वेळी बेंचवरची पोरं टाळ्या वाजवत होती.

समितीने पहिल्याला निवडलं. मीही त्यालाच मत दिलं. त्याची जिंकण्याची आकडेवारी जास्त होती, आणि सभेत मला तेच मांडता आलं. पहिल्या वर्षी बरं चाललं, कारण आधीच्या कोचने घडवलेली मुलं हाताशी होती. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच्या हाताखाली एकही मुलगा सुधारला नव्हता. पहिल्या वर्षी फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) साठ टक्के टाकणारा तिसऱ्या वर्षीही साठच टाकत होता. रचना तीच होती, फळाही तोच होता. ते मत मला अजून टोचतं.

तेव्हापासून आमच्या समितीत मी एक पद्धत लावून घेतली. उमेदवाराची जय-पराजयाची आकडेवारी बाजूला ठेवायची आणि त्याच्याकडे किमान दोन वर्षं राहिलेली मुलं शोधायची. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षात त्यांचे फ्री थ्रो, टर्नओव्हर (हातून गमावलेले चेंडू), मैदानावरची मिनिटं यांत काय बदललं ते बघायचं. एखादा मुलगा सगळ्यांच्याच हाताखाली सुधारतो, त्यावरून काही कळत नाही. पण सातपैकी पाच मुलं सुधारली असतील तर तो कोचच्या हाताचा गुण असतो. हे आकडे सगळ्यांना मिळतात, तुम्हीही घरी बसून काढू शकता. मग दोन वर्षं न राहिलेल्या मुलांचंही बघायचं. किती जण सोडून गेले, आणि गेलेले आता कोचबद्दल काय बोलतात? पोर्टलच्या काळात मुलं जाणारच. पण जाताना मन मोकळं होतं की कडवट, यावरून बरंच समजतं.

यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन १२ वर्षांत १० विजेतेपदं मिळवून बसले. ते नव्या मुलांना पहिल्या दिवशी मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवायचे, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. लोक हे ऐकून हसतात. मला मात्र त्यात कोचिंगचा गाभा दिसतो. आणि वुडन यूसीएलएला १९४८ मध्ये आले, पहिलं विजेतेपद १९६४ मध्ये मिळालं.

वेगवान खेळ आणि भक्कम बचाव हे दोन्ही पर्याय मी सोडून देईन. शैली बरीचशी हाताशी असलेल्या मुलांवर अवलंबून असते. व्हर्जिनियाचे टोनी बेनेट इतके संथ खेळवायचे की तटस्थ प्रेक्षक कंटाळायचे. २०१८ मध्ये पहिल्या मानांकनाचा त्यांचा संघ यूएमबीसीसारख्या छोट्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून हरण्याची ती पहिलीच वेळ. त्या पराभवाबद्दल बेनेट मोकळेपणाने बोलत राहिले, त्याचं खापर मुलांवर फोडलं नाही. पुढच्याच वर्षी तोच कोच आणि तोच संथ खेळ घेऊन संघ विजेता झाला. शैलीऐवजी हे बघा: टाइमआउटनंतर संघ बाहेर येतो तेव्हा काही बदललेलं दिसतं का? आणि हरल्यावर माइकसमोर कोच 'मी' म्हणतो की 'पोरं' म्हणतो?

शिस्तीबद्दल थोडं सावध बोलायला हवं, कारण इंडियानात राहून हे लिहितोय. नाइट यांनी १९८५ मध्ये पर्ड्यूविरुद्ध मैदानात खुर्ची फेकली, ती इथे अजून सगळ्यांना आठवते, आणि आरडाओरडा म्हणजेच शिस्त असं मानणारे बरेच आहेत. नाइट यांची खेळाची समज असामान्य होती, त्यांच्या मुलांनी पदव्याही मिळवल्या. पण ओरडण्यामुळे ते जिंकले असं मला वाटत नाही. माझ्या अनुभवात शिस्त फार साधी असते: बस सहाला निघणार म्हणजे सहाला निघणार. एकदा आमचा सगळ्यात जास्त गुण करणारा मुलगा सहा वाजून चार मिनिटांनी पार्किंगमध्ये आला आणि बस गेली होती. त्याची आई त्याला गाडीने घेऊन आली. तो पूर्वार्धभर बाहेर बसला आणि आम्ही हरलो. त्या वर्षी पुन्हा कोणी उशिरा आलं नाही. एकच नियम, सगळ्यांना सारखा. मुलाखतीत उमेदवाराला मी हेच विचारतो: तुमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला शेवटचं कधी बसवलंत, आणि का?

अभ्यासाची काळजी आणि चाहत्यांशी संवाद, दोन्ही चांगल्याच गोष्टी. मुलाकडे माणूस म्हणून बघणारा कोच त्याच्या अभ्यासाकडेही बघतो, म्हणून तो पर्याय मी आनंदाने निवडेन. संवादासाठी विद्यापीठाकडे वेगळी माणसं असतात.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही लिहिलंय की तुमचं जिम सात हजारांचं आहे आणि कॉन्फरन्स मधल्या फळीतली. मोठं नाव तुमच्याकडे येणार नाही, आणि आलंच तर एखाद्या मोठ्या जागेकडे डोळा ठेवूनच येईल. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ड्रेक विद्यापीठ बघा, आयोवातलं, जिम साधारण तुमच्याएवढंच. वर ज्यांचं नाव आलं ते डव्रीस आधी सहा वर्षं तिथेच होते. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा चाहते हवालदिल झाले. ड्रेकने बेन मॅकॉलम यांना आणलं. डिव्हिजन टूमधल्या नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटला त्यांनी २०१७, २०१९, २०२१ आणि २०२२ अशी चार विजेतेपदं मिळवून दिली होती. येताना त्यांनी तिथली चार मुलं बरोबर आणली. डिव्हिजन टूची पोरं इथे काय टिकणार, असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं. संघ ३१-४ गेला आणि मुख्य स्पर्धेत मिझुरीला हरवलं. वर्षभरात मॅकॉलम आयोवा विद्यापीठात गेले, हेही खरं. तुमच्यासारख्या संघाचा चांगला कोच तीन-चार वर्षांत जातो. म्हणून मोठ्या संघातल्या बड्या सहायकांबरोबरच डिव्हिजन टूमध्ये वर्षानुवर्षं मुलं घडवणाऱ्यांकडेही विद्यापीठाने बघावं, असं फॉर्मच्या मोकळ्या चौकटीत जरूर लिहा.

आणि किती थांबायचं? ड्यूकचे माइक शशेव्हस्की तिसऱ्या हंगामात ११-१७ होते आणि त्या वर्षाचा शेवट व्हर्जिनियाकडून १०९-६६ अशा पराभवाने झाला. लोकांनी त्यांना काढा म्हणून ओरड केली. ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या खेळ विभागाचे प्रमुख, टॉम बटर्स यांनी ठेवलं. पुढे पाच विजेतेपदं आली. पण आज पोर्टलमुळे दुबळा संघ एका उन्हाळ्यात बदलता येतो, म्हणून इतकं थांबा असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी निकालाकडे फार बघू नका. दुसऱ्या वर्षी जी मुलं राहिली ती सुधारली का ते बघा. तिसऱ्या वर्षी निकाल मागा.

तर फॉर्मवर माझ्या तीन खुणा अशा: जिंकण्याचा अनुभव, पण मुख्य कोच म्हणून, मग तो कितीही लहान ठिकाणचा असो. रिक्रूटिंग, म्हणजे पारख या अर्थाने. आणि मुलांच्या अभ्यासाची काळजी. 'खेळाडू घडवणं' हा पर्याय त्यांनी दिलेलाच नाही, तोही मोकळ्या चौकटीत लिहा आणि सगळ्यात वर लिहा.

राहिला तुमचा हंगामी कोच. आतल्या माणसाला बढती देऊन सोनं झाल्याची उदाहरणं आहेत. १९८९ मध्ये मिशिगनच्या कोचने स्पर्धेच्या तोंडावर दुसरी नोकरी पत्करली, सहायक स्टीव्ह फिशर यांच्याकडे संघ आला आणि सहा सामने जिंकून विजेता झाला. मिशिगन स्टेटचे टॉम इझो आणि गोंझागाचे मार्क फ्यू दोघेही त्याच संघात आधी सहायक होते. इथे इंडियानापोलिसला बटलरने २००७ मध्ये तिशीतल्या ब्रॅड स्टीव्हन्स यांना बढती दिली. औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून बटलरमध्ये दाखल झालेला हा माणूस, आणि त्यांचा संघ २०१० आणि २०११ असा लागोपाठ दोनदा अंतिम सामन्यात पोहोचला. म्हणून वर पेन यांच्याबद्दल जे लिहिलं ते नियम म्हणून धरू नका. आत वाढलेल्या सहायकाला ती मुलं आणि ती जागा माहीत असते, आणि ही जमेची बाजू मोठी आहे.

फक्त 'मुलांचा त्याच्यावर जीव आहे' एवढ्यावर जाऊ नका. सहायकावर मुलांचा जीव असतोच, कारण 'नाही' म्हणण्याचं काम दुसऱ्याचं असतं. आमचे मुख्य कोच आजारी पडले तेव्हा मी नऊ सामने संघ सांभाळला. एक मुलगा बसमध्ये कायम माझ्या शेजारी बसायचा, घरच्या सगळ्या गोष्टी सांगायचा. तिसऱ्या सामन्यात मी त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढलं. परतताना तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मी दुसऱ्याच दिवशी त्याला बोलवून कारण सांगायला हवं होतं. ते सांगायला मला दोन आठवडे लागले, आणि तेवढ्यात दोन सामने गेले.

तुमच्या विद्यापीठाच्या त्या सात सामन्यांचं रेकॉर्डिंग मिळत असेल तर फॉर्म भरायच्या आधी त्यातले दोन हरलेले सामने पुन्हा बघा. चेंडू बघू नका. ज्या मुलाला बाहेर काढलं तो बेंचवर आल्यावर कोच त्याच्याकडे वळून काही बोलतो का, आणि पुढच्या टाइमआउटला तो मुलगा घोळक्यात पुढे येतो की टॉवेल डोक्यावर घेऊन मागे उभा राहतो, ते बघा.